न्यायाधीशाच्या घरचा पाहुणा

प्रवासवर्णनाचें परीक्षण करणारे आमचे टीकाकार लेखकानें काय पाहिलें, कसें पाहिलें आणि तें कोणत्या भाषेंत सांगितलें, एवढ्या तीन गोष्टींची चौकशी करून थांबतात. तो रात्रीं कोणाच्या छपराखालीं निजला व सकाळीं कोणाच्या घरचा चहा प्याला, हें विचारण्याची आपल्याकडे रीत नाहीं. वास्तविक कोणत्याहि परक्या शहराचें दर्शन माणसाला एखाद्या घराच्या खिडकींतूनच प्रथम होत असतें, आणि तें घर धर्मशाळेचें आहे, खाणावळीचें आहे कीं आत्याबाईंचें आहे, यावर त्या दर्शनाचा रंग पुष्कळसा अवलंबून असतो. हल्लींचा तरुण पाठीवर सॅक टाकून नव्या शहरांत उतरतो आणि पहिला मुक्काम मावशीकडे करतो. खर्च वांचतो, आई निश्चिंत राहते, मावशीलाहि बरें वाटतें. पण मावशीच्या घरीं जेवणाची वेळ ठरलेली असते. कोणत्या गल्लींत जावें व कोणत्या गल्लींत जाऊं नये याविषयीं काकांचीं मतें ठाम असतात. आणि शहरांत पाहण्यासारखीं स्थळें कोणतीं याची यादी त्या घरांत पूर्वींच तयार असते. तरुण शहर पाहावयास निघालेला असतो, पण बहुधा तो मावशीचें शहर पाहून परत येतो.

ही तक्रार म्हणून आम्ही लिहीत नाहीं. आप्ताच्या घरचा मुक्काम ही वाङ्मयाच्या दृष्टीनें फार विचार करण्याजोगी अवस्था आहे, एवढेंच आम्हांस म्हणावयाचें आहे. त्या घरांत तरुण माणूस ना घरचा असतो ना पुरता परका. त्याला कामधंदा नसतो आणि जबाबदारी नसते. सर्वजण आपआपल्या उद्योगास निघून गेल्यावर भर दुपारीं त्या घरांत त्याला जो एकांत लाभतो, तो स्वतःच्या घरीं लाभत नाहीं आणि खाणावळींत तर नाहींच नाहीं. या एकांताचें काय होतें, हें पाहावयाचें असल्यास रवींद्रनाथ ठाकुरांच्या सतराव्या वर्षाएवढें चांगलें उदाहरण आमच्या माहितींत दुसरें नाहीं. शिवाय तें वर्ष आपल्या मुलखाला चाटून गेलेलें आहे.

हकीकत थोडक्यांत अशी. ७ मे १८६१ रोजीं जन्मलेला हा मुलगा शाळेंत कोठेंच टिकला नाहीं. तेव्हां त्याला विलायतेस पाठवून बॅरिस्टर करावें असें घरच्यांनीं ठरविलें. वडील बंधूंपैकीं दुसरे सत्येंद्रनाथ हे सनदी नोकरीच्या परीक्षेंत १८६३ सालीं उत्तीर्ण झालेले पहिले हिंदी गृहस्थ. त्यांची नोकरी मुंबई इलाख्यांत होती व १८७८ सालीं ते अहमदाबादेस न्यायाधीश होते. त्यांची पत्नी ज्ञानदानंदिनी देवी मुलांसह आधींच इंग्लंडांत गेलेली होती. विलायतेस निघण्यापूर्वीं धाकट्या भावास थोडें इंग्रजी वळण लागावें म्हणून त्यांनीं त्यास प्रथम आपल्याजवळ अहमदाबादेस आणिलें. मग मुंबईस डॉ. आत्माराम पांडुरंग तर्खडकर यांच्या घरीं ठेविलें. आणि २० सप्टेंबर १८७८ रोजीं दोघे बंधू मुंबईहून बोटींत बसले. अहमदाबाद, मुंबई, ब्रायटन, लंडन अशीं चार अनोळखी शहरें. आणि पहिल्या तिहींत डोक्यावर आप्ताचें किंवा आप्तासारख्या स्नेह्याचें छप्पर. जोडासांकोच्या वाड्याबाहेर फारसा न गेलेल्या या मुलाच्या वांट्यास एका वर्षांत हें सारें आलें.

अहमदाबादेंत न्यायाधीशाचें निवासस्थान शाहीबागेंत होतें. शाहजहान हा शाहजादा असतांना गुजराथेचा सुभेदार होता, त्या काळीं, म्हणजे सतराव्या शतकाच्या पहिल्या चरणांत, त्यानें साबरमतीच्या कांठीं बांधविलेला तो महाल. आज तेथें सरदार वल्लभभाई पटेल यांचें स्मारक आहे. रवींद्रनाथांनीं या मुक्कामाविषयीं दोन वेळां प्रत्यक्ष लिहिलें: एकदां ‘जीवनस्मृति’मध्यें, जी १९१२ सालीं ग्रंथरूपानें निघाली, आणि पुन्हां ‘छेलेबेला’ या बालपणाच्या आठवणींत, १९४० सालीं. या दोहोंच्या आधीं, १८९५ सालीं, त्याच महालावरून त्यांनीं ‘क्षुधित पाषाण’ ही कथा रचिली. एकाच घराचीं तीन चित्रें, तीन वयांत काढलेलीं. यांची तुलना अद्याप कोणी मनापासून केलेली आमच्या पाहण्यांत नाहीं. कथेचें कौतुक मात्र सर्वत्र आहे.

आमच्या मतें तिहींत सरस चित्र ‘जीवनस्मृति’तलें होय. आणि त्याचें कारण असें कीं, त्यांत लेखक आपणांस फार थोडें सांगतो. उन्हाळ्यामुळें कृश झालेली साबरमती आपल्या वाळवंटाच्या एका कडेनें वाहते आहे. नदीकडे तोंड करून मोठी गच्ची आहे. भाऊ कचेरींत गेला कीं त्या अवाढव्य वास्तूंत मुलगा आणि पारवे यांखेरीज कोणी नाहीं. दुपारभर पारव्यांचें घुमणें चाललें आहे, आणि हा मुलगा कसल्याशा कुतूहलानें एका दालनांतून दुसऱ्या दालनांत हिंडतो आहे. भिंतींतील कोनाड्यांत भावाचीं पुस्तकें आहेत. त्यांत टेनिसनच्या काव्याची एक मोठ्या टाइपाची सचित्र प्रत आहे. मुलाला इंग्रजी पुरतें समजत नाहीं. म्हणून तो जसा महालांत हिंडतो तसाच त्या चित्रांतून हिंडतो. दुसरें एक पुस्तक म्हणजे हेबर्लिनसाहेबांनीं श्रीरामपुरास छापविलेला संस्कृत काव्यसंग्रह. त्याचाहि अर्थ कळत नाहीं, पण वृत्तांचा नाद आणि अमरुशतकांतील श्लोकांचें घोळणें त्याला दुपारभर पुरतें. रात्रीं तो वरच्या मजल्यावरच्या एका लहान खोलींत एकटाच निजतो. त्या खोलींत गांधीलमाशांचें पोळें आहे. अंधारांत एखादी माशी बिछान्यावर पडते, कूस बदलतांना ती अंगाखालीं सांपडते, आणि मग ती भेट उभयतांस सारखीच अप्रिय होते. चांदण्या रात्रीं गच्चीवर येरझारा घालतां घालतां त्यानें स्वतःच्या चालींवर आपलीं पहिलीं गाणीं रचिलीं, हेंहि तो येथेंच सांगतो.

या वर्णनांतील गांधीलमाशी आम्हांस फार मोलाची वाटते. बादशाही महाल, चांदणें, नदी आणि कवि, इतकी सामुग्री एकत्र आल्यावर दुसऱ्या कोणाची लेखणी आकाशांत गेली असती. येथें ती वेळेवर बिछान्यावर उतरते. पन्नाशी गांठलेल्या लेखकाला आपल्या सतराव्या वर्षाकडे पाहून थोडें हंसू येत आहे, आणि त्या हंसण्यानें चित्र खोटें न होतां खरें होतें. पाहुण्याची खोली ही अशीच असावयाची. घरांतील जी जागा घरच्या माणसांना लागत नाहीं ती पाहुण्यास मिळते, आणि तेथें आधींपासून राहणाऱ्या मंडळीशीं त्याला तडजोड करावी लागते.

परंतु या सुंदर प्रकरणांत अहमदाबाद कोठें आहे? हा प्रश्न आम्ही मुद्दाम विचारतों. अहमदशहानें १४११ सालीं वसविलेलें, पोळांचें, जाळीदार मशिदींचें, सराफांचें व विणकरांचें तें शहर शाहीबागेपासून फार दूर नव्हतें. रणछोडलाल छोटालाल यांची कापसाची गिरणी तेथें १८६१ सालीं, म्हणजे रवींद्रनाथांच्या जन्मवर्षींच, सुरू झाली होती. म्हणजे ज्या वेळीं मुलगा गच्चीवर फिरत होता त्या वेळीं धुराडें आणि भोंगा ही त्या शहराची नवी ओळख होऊं लागली होती. सिदी सय्यदच्या मशिदीची जाळी पाहावयास सारें जग येतें. यांपैकीं त्या प्रकरणांत कांहीं नाहीं. दुकानदार नाहीं, टांगेवाला नाहीं, नांव घेण्याजोगा एक शेजारीहि नाहीं. सिंहासनें गेलेला महाल, कचेरीस गेलेला भाऊ, आणि मध्यें मुलगा. याच महिन्यांच्या आगेंमागें ‘भारती’ मासिकांत या मुलाचे दांते, पेत्रार्क व गटे यांच्यावरचे निबंध छापले जात होते, हें ध्यानांत घेतलें म्हणजे मौज वाटते. फ्लॉरेन्सच्या कवीविषयीं त्याला सांगावयाचें पुष्कळ होतें. दोनचार मैलांवरच्या शहराविषयीं नव्हतें.

अहमदाबादचे अभिमानी लोक या मुक्कामाचा अभिमान बाळगतात व तो त्यांनीं बाळगावा. पण अहमदाबादेनें रवींद्रनाथांस कथा दिली असें जें म्हणण्याचा प्रघात आहे, तें आम्हांस मान्य नाहीं. कथा दिली ती एका घरानें. न्यायाधीशाचा भाऊ बाजारांत एकटा हिंडत नसे, हें त्या काळच्या साहेबी शिस्तीकडे पाहतां समजण्यासारखें आहे; आणि मुलगा स्वभावानें लाजाळू. ‘छेलेबेला’त तो स्वतःच म्हणतो कीं एका शेतांतून उपटून दुसऱ्या शेतांत लावल्यासारखी आपली स्थिति झाली होती आणि प्रत्येक गोष्टीची लाज वाटत होती. या पुस्तकांत त्यानें अहमदाबादेविषयीं आणखी एक विचार मांडला आहे: कलकत्त्यास वाढलेल्या आपणांस इतिहास डोळ्यांनीं दिसला नव्हता, येथें तो थबकून उभा राहिलेला प्रथम दिसला. विचार मोठा आहे आणि खराहि असेल. पण तो ऐंशीच्या घरांतल्या माणसाचा विचार आहे. सतरा वर्षांच्या मुलाच्या दुपारींत तो मागाहून नेऊन ठेवला आहे असें आम्हांस वाटल्यावांचून राहत नाहीं. ‘जीवनस्मृति’तला मुलगा इतिहास पाहत नव्हता, तो पारवे ऐकत होता.

आतां ‘क्षुधित पाषाण’. या कथेची थोरवी आम्ही नाकारीत नाहीं. तरी तिच्या मधल्या भागांत अत्तरें, कारंजीं, नूपुर, इराणी तरुणी, हबशी खोजा यांची इतकी दाटी झाली आहे कीं वाचकास कधीं कधीं महालांत नव्हे तर महालाच्या सामानाच्या लिलावांत आल्यासारखें वाटतें. अशा ठिकाणीं लेखकाची कल्पना स्वतः पाहिलेल्यावर नव्हे, तर वाचलेल्यावर पोसली आहे. कथेचा खरा जीव आम्हांस दुसरीकडे दिसतो. तिचा नायक कोण? तर बरीच नांवाच्या गांवीं कापसावरील जकात वसूल करणारा निजामाचा एक अंमलदार. हा मनुष्य दिवसां आंखूड इंग्रजी कोट घालून, टोपी चढवून कचेरींत जातो आणि जकातीचे हिशेब तपासतो. संध्याकाळ झाली कीं सैल पायजमा, फुलांचा अंगरखा, रेशमी चोगा चढवून त्या ओसाड महालांत कोणाची तरी वाट पाहतो. टीकाकारांनीं या दुहेरी जीवनाचे नाना अर्थ लाविले आहेत. आम्हांस त्याचें मूळ साधें दिसतें. शाहीबागेंत दिवसां कचेरींत जाणारा एक मनुष्य होता आणि दालनांतून हिंडणारा दुसरा. एक वडील भाऊ, दुसरा धाकटा. सतरा वर्षांनीं लेखकानें या दोघांस एकाच माणसाच्या कातडींत घातलें, आणि त्या माणसाची जी ओढाताण झाली तीच ही कथा. धाकट्या भावाच्या मनांत त्या दुपारीं वडील भावाच्या आयुष्याविषयीं जें आकर्षण आणि जी भीति असेल, तिला येथें वाट मिळाली आहे. आपल्यालाहि एक दिवस असाच कोट घालून कचेरींत जावें लागणार, याच तयारीसाठीं तर त्याला तेथें आणिलें होतें!

आणखी एक गोष्ट. ही कथा सरळ सांगितलेली नाहीं. सुट्टींतला प्रवास संपवून परतणारे दोघे आप्त आगगाडींत एका अनोळखी गृहस्थास भेटतात; पुढें एका जंक्शनवर गाडीची वाट पाहत असतां तो त्यांना ही हकीकत सांगतो. ऐन भरांत गाडी येते, ओळखीचा एक इंग्रज त्याला आपल्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत बोलावून नेतो, व गोष्ट अर्धवट राहते. दोघां आप्तांपैकीं एक थिऑसफीवाला असून त्याचा प्रत्येक शब्दावर विश्वास बसलेला असतो; दुसरा म्हणतो, या मनुष्यानें आपणांस बनविलें. या वादावरून त्या दोघांचा कायमचा बेबनाव होतो, आणि येथें कथा संपते. कित्येक वाचकांस हा शेवट थट्टेचा व म्हणून हिणकस वाटतो. आमचा त्यांच्याशीं मतभेद आहे. नव्या मुलखांत आप्ताबरोबर हिंडल्यानें काय होतें, याचें इतकें नेमकें चित्र दुसरें नसेल. दोघांनीं एकच गोष्ट ऐकली, एकाच बाकावर बसून ऐकली, आणि ती ऐकून दोघे एकमेकांस मुकले.

येथें तुलनेसाठीं आपल्याकडील एका प्रवाशाची आठवण येते. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं दक्षिणेच्या आशेनें उत्तरेकडे निघाले, तेव्हां ते तिशीच्या आसपास होते. आप्त त्यांच्याहि सोबत होता, त्यांचे चुलते. पण हा आप्त वाटेंत बरोबर चालणारा. पुढें वाट पाहत बसलेला नव्हे. घर प्रत्येक मुक्कामीं परक्याचें. म्हणून ‘माझा प्रवास’ या पुस्तकांत झांशी शहर ज्या तऱ्हेनें आढळतें त्या तऱ्हेनें अहमदाबाद रवींद्रनाथांत आढळत नाहीं. झांशींत विहिरी आहेत, बाजार आहेत, राणीच्या दरबारचें दानधर्माचें वर्णन आहे, आणि १८५८ च्या मार्च-एप्रिलांतील वेढ्याचा व कत्तलीचा तो अंगावर कांटा आणणारा वृत्तांत आहे. भटजींना शहर पाहणें भागच होतें. न पाहतील तर जेवतील काय आणि वांचतील कसे? हेंहि पुस्तक घटनांनंतर पंचवीस वर्षांनीं लिहिलें गेलें व चिंतामणराव वैद्यांच्या हातून १९०७ सालीं प्रसिद्ध झालें. म्हणजे दोन्ही लेखन आठवणींचेंच. तरी एकांत माणसें गर्दी करून येतात आणि दुसऱ्यांत पारवे. प्रतिभेचा भेद आहेच, तो कोण नाकारील? पण छपराचाहि भेद आहे.

मुंबईच्या मुक्कामावर आम्ही फार वेळ घालविणार नाहीं, कारण मराठी वाचकांनीं त्यावर आधींच फार घालविला आहे. प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग, मराठी व्याकरणकार दादोबांचे बंधु. त्यांची विलायतेंत शिकून आलेली कन्या अन्नपूर्णा. पाहुण्या कवीनें तिला दिलेलें ‘नलिनी’ हें नांव. आणि तुम्ही दाढी कधीं ठेवूं नका, चेहऱ्याच्या कडा झांकतील, हें तिचें सांगणें, जें पुढें किती पाळलें गेलें तें जगास ठाऊक आहे. या प्रसंगाचा आपल्याकडे जो रसाळ विस्तार होतो त्यांत आम्हांस रस नाहीं. ‘छेलेबेला’तील तें अर्धें पान इतक्या संयमानें लिहिलें आहे कीं त्यावर भाष्य करणें हा एक प्रकारचा अविनय होय. आमच्या विषयापुरता मुद्दा एवढाच कीं, सत्येंद्रनाथांनीं त्याला त्या घरीं ठेविलें तें घर सुटलेल्या मुलाच्या मनाला विसावा मिळावा म्हणून. आणि झालेंहि तसेंच. परक्या शहरांत प्रथमच एक माणूस त्याला भेटलें. बोरीबंदरच्या भव्य स्थानकाचें काम ज्या वर्षीं सुरू झालें त्या वर्षींची मुंबई मात्र येथेंहि खिडकीबाहेरच राहिली.

खरी कसोटी विलायतेंत लागली. ब्रायटनला भावजयीचें बिऱ्हाड तयार होतें. सुरेंद्र व इंदिरा हीं लहान भावंडें या काकाला बिलगलीं. बर्फ प्रथम पडलें त्या रात्रीं बाहेर जाऊन पाहिलेल्या शुभ्र पृथ्वीचें वर्णन ‘जीवनस्मृति’त आहे व तें मनांतून जात नाहीं. पण त्या काळीं प्रत्यक्ष लिहिलेलीं पत्रें वाचावीं तों निराळाच मुलगा समोर येतो. ‘युरोप-प्रवासीर पत्र’ या नांवानें तीं १८८१ सालीं पुस्तकरूपानें निघालीं. चालू बोलीच्या बंगालींत तीं लिहिलेलीं आहेत, आणि तेवढ्यापुरतें त्यांचें महत्त्व बंगाली गद्याच्या इतिहासांत राहीलच. त्यांत नाचाच्या मजलशी आहेत, बायकांच्या पोशाखाची थट्टा आहे, आणि विलायतेस जाऊन साहेबाची नक्कल करणाऱ्या बंगाल्यांवर तर असा आसूड आहे कीं वाचतांना हंसूं आवरत नाहीं. मुलगा सर्वांचा न्याय करीत सुटला आहे. शाहीबागेंत ज्याला तोंड उघडावयाची लाज वाटत होती तो ब्रायटनच्या बिऱ्हाडांत न्यायाधीश होऊन बसला! आप्ताचें घर परमुलखांत असलें म्हणजे ही ऐट सहज येते. पाठीशीं आपलें स्वयंपाकघर आहे, बोलावयास आपली भाषा आहे. मग समोरच्या परक्या लोकांस हंसावयास काय जातें? पुढें लेखकास या पत्रांतील पोरकट बहादुरीचा खेद झाला, आणि तो त्यानें लिहूनहि ठेविला आहे.

ही गोष्ट त्या वेळीं एका माणसाच्या ध्यानांत आली होती. सत्येंद्रनाथांचे स्नेही तारकनाथ पालित यांनीं पाहिलें कीं घरच्या माणसांच्या कडेवर राहून या मुलास विलायत कांहीं शिकविणार नाहीं. त्यांनीं भावाचें मन वळवून त्याला लंडनास नेलें व एका भाड्याच्या घरांत एकटें ठेवून दिलें. आमच्या मतें या गृहस्थाचे वाङ्मयावर उपकार आहेत. खोलीसमोर रीजंट्स पार्क, हिंवाळा, पानें गळालेलीं, बर्फानें माखलेलीं झाडें आकाशाकडे पाहत उभीं, आंत एक हार्मोनियम, आणि तें वाजविणारा हा एकटा. या खोलींत एक लॅटिन शिकविणारा मास्तर येई. अंगानें वाळलेला, कपडे फाटके, थंडीपासून स्वतःला वांचविण्याइतकीहि ऐपत नसलेला. प्रत्येक युगांत जगांतील निरनिराळ्या मानवसमाजांत एकच कल्पना प्रगट होत असते, मग त्यांचा परस्परांशीं संबंध असो वा नसो, असा त्याचा सिद्धांत होता आणि तो सिद्ध करण्यासाठीं तो पुरावे गोळा करीत होता. घरच्यांच्या मतें तो वेडा. कांहीं दिवशीं त्याचें लक्ष पाठावर नसेच. डोळे कोठें तरी दूर लागलेले असत. मुलगा ती जागा सोडून जावयास निघाला तेव्हां मास्तरानें पगार घ्यावयास नकार दिला: मीं तुमचा केवळ वेळ घेतला, शिकविलें कांहीं नाहीं. मोठ्या मिनतवारीनें त्याला तो घ्यावयास लाविलें.

रवींद्रनाथांच्या प्रवासलेखनांतील पहिला परका माणूस आम्हीं कोणता मानतों असें कोणी विचारल्यास, आम्ही या मास्तराकडे बोट दाखवूं. त्याला कोणी हंसलेलें नाहीं, कोणी त्याची कींव केलेली नाहीं. त्याचा सिद्धांत लेखकास शेवटपर्यंत सोडून गेला नाहीं आणि तो त्यास अगदींच खोटाहि वाटला नाहीं. आणि हा माणूस भेटला तो आप्ताचें छप्पर निघाल्यावर, पानगळीच्या झाडांसमोरच्या भाड्याच्या खोलींत. त्यानंतरच्या बार्कर नांवाच्या शिक्षकाच्या घरीं, बायकोस दुखविण्यासाठीं तिच्या कुत्र्यास छळणारा नवरा त्यानें पाहिला, तोहि असाच दोन ओळींत कायमचा उभा राहिला आहे.

पण येथें आमच्या म्हणण्यास स्वतः लेखकानेंच एक खीळ घातलेली आहे, ती आम्ही लपवूं इच्छित नाहीं. पुढें तो डॉ. स्कॉट यांच्या कुटुंबांत राहावयास गेला. हिंदुस्थानांतून कोणी येणार या भीतीनें त्या घरांतील दोघी धाकट्या मुली आधींच एका आप्ताच्या घरीं पळून गेल्या होत्या! पाहुणा निरुपद्रवी आहे अशी खात्री पटल्यावर त्या परत आल्या. आणि मिसेस स्कॉट यांनीं त्याला पोटच्या मुलासारखें वागविलें. नवऱ्याच्या सेवेंत गढलेली ही बाई आपल्याकडील कोणत्याहि पतिव्रतेहून निराळी नाहीं असें त्याला दिसलें, आणि मनुष्यस्वभाव सर्वत्र एकच हें त्याला येथें कळलें. म्हणजे परका समाज त्याला शेवटीं समजला तो पुन्हां एका घरांतच. फरक इतकाच कीं हें नातें त्याला जन्मानें मिळालेलें नव्हतें. विद्यापीठांत हेन्री मॉर्ले यांचीं इंग्रजी वाङ्मयावरील व्याख्यानें त्यानें थोडा काळ ऐकलीं. १८८० च्या आरंभीं सत्येंद्रनाथांबरोबर तो परत आला. बॅरिस्टरीचा पत्ता नव्हता.

या साऱ्या काळांत तीं पत्रें कोठें छापलीं जात होतीं? ‘भारती’त; आणि ‘भारती’चे संपादक सर्वांत थोरले बंधु द्विजेंद्रनाथ. विलायतेंतील स्त्रियांच्या मोकळेपणाचें धाकट्यानें कौतुक केलें कीं थोरले त्याखालीं संपादकीय टीप जोडून त्याचें खंडन करीत, आणि धाकटा पुढल्या पत्रांत त्याला उत्तर देई. सहा हजार मैलांवर गेला तरी कागदावर तो वडील भावाच्याच घरीं राहत होता, आणि तेथेंच प्रथम उलटून बोलावयास शिकला. १९३६ सालीं, पंचाहत्तराव्या वर्षीं, ‘पाश्चात्त्य भ्रमण’ या नांवाखालीं हीं पत्रें पुन्हां छापतांना रवींद्रनाथांनीं त्यांत बरीच काटछांट केली. पोरकटपणा गेला हें खरें. पण त्याबरोबर भावाच्या दिवाणखान्यांत बसून भावाशीं भांडणाऱ्या त्या मुलाचा आवाजहि पुष्कळसा गेला. आमच्या मतें १८८१ चीच प्रत वाचावी.